बोगद्याची दोन तोंडं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात कोथरूडच्या बाजूला, टेकडीच्या अगदी कुशीत तुमची जुनी सोसायटी आहे, आवारात विहीर आहे. बालभारती–पौड फाटा रस्ता आणि वेताळ टेकडीखालचे बोगदे यांची चर्चा वर्षानुवर्षं ऐकून तुम्ही कंटाळलात. उद्या खरंच सुरुंग लागले तर इमारतीला तडे जातील का, विहीर आटेल का, आणि मुंबईला मशीन आणलं तसं इथे का नको? शेवटी सहज विचारलंय की इंग्रजांच्या काळात मशीन नसताना घाटातले बोगदे काढले कसे.

टेकडी फोडावी की नाही, यावर मी इथे मत देणार नाही. मी छत्तीस वर्षं बोगद्यांत काढली, सुरुवातीची वीजप्रकल्पांच्या बोगद्यांत आणि नंतरची रस्त्यांच्या. त्या जोरावर जे सांगता येतं तेवढंच सांगतो. लोक टेकडीच्या पोटात काय होईल याची काळजी करतात. मला काळजी असते ती दोन तोंडांची. पोटातला खडक बहुतेक वेळा आपलं वजन आपण पेलतो. भानगडी होतात त्या बोगदा जिथे उजेडात येतो तिथे.

इंग्रजांचं आधी सांगतो. आपल्याकडे खडकात शिरायची विद्या त्यांच्याबरोबर आली नाही. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर आठव्या शतकातलं, छिन्नी-हातोड्याने काळ्या फत्तरात कोरलेलं. कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत नानासाहेब पेशव्यांच्या काळात जमिनीखालून जो नळ आणला, तो माणूस आत उतरून चालू शकेल असा बांधीव होता आणि वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे वर उघडणारी उभी भुयारं, ठेवले होते. आमच्या धंद्यात आज ज्याला शाफ्ट म्हणतात त्याचं हे पेशवाई नाव, आणि मला तर तेच जास्त आवडतं.

घाटातलं मोठं काम म्हणजे बोरघाटातली रेल्वे. 1863 साली ती सुरू झाली तेव्हा घाटात 25 बोगदे होते. डायनामाइटचं पेटंट आलं 1867 ला. म्हणजे बोरघाट साध्या काळ्या दारूने फोडलेला आहे. एक जण लोखंडी पहार धरून प्रत्येक घावाला थोडी फिरवतो, दुसरा किंवा दोघे आळीपाळीने घण घालतात. भोक पुरेसं खोल गेलं की कोरडं करून दारू ठासायची, मातीचा बूच मारायचा, वात पेटवून पळायचं. काळ्या दारूचा दणका डायनामाइटच्या मानाने मंद, त्यामुळे खडक पिचण्यापेक्षा उचकटतो आणि धूर मात्र भयंकर होतो. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये काम हाती घेतल्याघेतल्या वारला आणि त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, ते काम पुढे नेलं. एका वेळी चाळीस हजारांवर माणसं राबली. पटकी आणि तापाने किती गेली याचा विचार खंडाळ्याची भजी खाताना कुणी करत नाही. सातारा रस्त्यावरचा जुना कात्रज बोगदा त्याच राजवटीतला, बैलगाडी आणि टपालाच्या मापाचा. त्यात समोरासमोर दोन एस.ट्या आल्यावर काय होतं ते माझ्या पिढीने खिडकीत बसून पाहिलंय.

शहरातल्या रस्त्याच्या बोगद्याची गोष्ट मात्र लंडनला सुरू होते, आणि ती मी प्रत्येक नव्या इंजिनिअरला सांगत आलो. थेम्स नदीखालून घोडागाड्या नेण्यासाठी मार्क ब्रुनेलने 1825 ला काम काढलं. लाकूड पोखरणाऱ्या किड्यावरून त्याला ढालीची कल्पना सुचली: लोखंडी चौकटीच्या आड माणसं उभी राहून समोरची माती थोडीथोडी काढतात, चौकट पुढे सरकते, मागून गवंडी विटांचं अस्तर बांधत येतात. आजची प्रत्येक टनेल बोअरिंग मशीन या ढालीची नातवंडं. नदी पुन्हा पुन्हा आत घुसली, माणसं मेली, काम वर्षानुवर्षं बंद पडलं. 1843 ला बोगदा उघडला तेव्हा नदीखालचे सुमारे 400 मीटर पार पडले होते, पण गाड्या खाली उतरवायचे उतार बांधायला पैसे उरले नव्हते. घोडागाड्यांचा बोगदा पायी चालणाऱ्यांचा झाला, आणि पुढे रेल्वेच्या ताब्यात गेला. नदी जिंकली, अडलं ते तोंडाशी.

आता तुमच्या टेकडीखालचा दगड. पुण्याखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक पसरलेले आहेत, भाकऱ्यांच्या चळतीसारखे. विहिरी खोदणारे यांना जी नावं देतात ती पुस्तकी नावांपेक्षा मला उपयोगी पडली. काळा पाषाण म्हणजे घट्ट बेसाल्ट, त्यावर पहार मारली तर हात झिणझिणतो. मांजऱ्या म्हणजे बारीक पोकळ्यांत पांढरे-हिरवे खडे भरलेला, जरा मऊ दगड. वर मुरूम. आणि मधूनमधून दोन थरांच्या सांध्यात वीतभर ते दोन-तीन फुटांचा तांबडा पट्टा, ज्याला भूशास्त्रवाले रेड बोल म्हणतात. एक लाव्हा थंड झाला, त्याच्या माथ्याची माती झाली, मग दुसरा लाव्हा येऊन ती भाजून गेला.

बोगदेवाल्याची झोप उडवतो तो हा तांबडा पट्टा. ताजा उघडा पडला की तो विटेसारखा कडक दिसतो, नवखा सुपरवायझर म्हणतो, "काही नाही साहेब, मस्त आहे." एका कामावर तो बरोबर आमच्या छताशी आला. रात्रपाळीने शॉटक्रीट, म्हणजे फवारून लावायचं काँक्रीट, उद्यावर ढकललं. वरून थोडं पाणी झिरपत होतं. सकाळी गेलो तर त्या पट्ट्याचा साबणासारखा लगदा झाला होता आणि त्यावरच्या काळ्या पाषाणाचा जीपएवढा धोंडा खाली येऊन पडला होता, नशिबाने रिकाम्या जागेत. तेव्हापासून तांबडा दिसला की झाकल्याशिवाय मी जेवायलाही बाहेर पडलो नाही.

खोदकाम रोज कसं चालतं ते एकदा बघाच, कारण तुमच्या तड्यांचं उत्तर त्यातच आहे. समोरच्या भिंतीला आम्ही फेस म्हणतो. त्यावर सर्व्हेवाला रंगाने भोकांच्या खुणा करतो. बूमर नावाचं दोन-तीन हातांचं यंत्र तीनेक मीटर खोल शंभराच्या आसपास भोकं पाडतं. स्फोटकं भरतात, सगळे बाहेर जातात, भोंगा, धमाका. मग पंख्याने धूर काढतात. त्यानंतर जो माणूस सर्वांत आधी आत जातो त्याला जगातली कुठलीही पदवी द्यावी असं मला वाटतं. तो लांब पहारीने छत ठोकत जातो. दगड ठणठण बोलला तर बसलेला आहे. बद्द वाजला तर मागे फट आहे, पहारीने ओढून पाडायचा. बाजारात मडकं वाजवून घेणारी बाई आणि हा माणूस यांचा कान एकच. माझ्या पहिल्या कामावरच्या अशा मिस्त्रीचं अक्षरज्ञान सहीपुरतं होतं, पण तो "इथं नको" म्हणाला तर भूशास्त्रज्ञसुद्धा मागे सरायचा.

मग राडारोडा उचलायचा, छतावर काँक्रीट फवारायचं, खडकात तीन-चार मीटरचे रॉकबोल्ट, म्हणजे लोखंडी सळ्या, ठोकून सैल थर घट्ट थरांना शिवून टाकायचे, आणि पुन्हा खुणा. दिवसाला एक, फार तर दोन फेऱ्या. रस्त्याचा बोगदा उंच असल्यामुळे वरचा अर्धा भाग आधी काढतात, खालचा मागाहून. या पद्धतीचं ऑस्ट्रियन नाव मोठं आहे, सार इतकाच की खडकालाच आधार म्हणून वापरायचं आणि तो किती सरकतोय हे रोज मोजायचं. तीन लेनच्या बोगद्यात पंधरा मीटरचं छत खांबाशिवाय उभं राहतं ते वरच्या खडकाची आपोआप कमान होते म्हणून. या कमानीला जागा लागते. डोक्यावर निदान बोगद्याच्या रुंदीइतका चांगला खडक हवा, असा आमचा ढोबळ हिशेब. टेकडीच्या पोटात तो भरपूर असतो. तोंडाशी नसतो, तिथे मुरूम आणि भेगाळलेला दगड. म्हणून तोंडाशी आधी कड्याला जाळी, बोल्ट, छताच्या वर छत्रीसारखे लोखंडी पाइप, आणि मग हातभर-हातभर पुढे जायचं.

सह्याद्रीतल्या एका कामावर हे सगळं मे महिन्यात घाईघाईने उरकलं. उतार कापला, पण वरून येणाऱ्या पाण्याचा चर काढायचा राहिला. "पावसाला अजून पंधरा दिवस आहेत" असं बैठकीत ठरलं. पाऊस त्या बैठकीला नव्हता. वळवाच्या दुसऱ्या सरीत अख्खा उतार खाली आला, बोगद्याचं तोंड बुजलं, आणि ते पुन्हा उघडायला चार महिने गेले. आत, दोनशे मीटरवर, एक खपलीसुद्धा निघाली नव्हती.

तर तडे. एका स्फोटात एकूण दीड-दोनशे किलो दारू असते हे खरं, पण ती एकदम उडत नाही. भोकं काही मिलिसेकंदांच्या अंतराने एकामागून एक उडतात. वाड्याच्या लाकडी जिन्यावरून वीस माणसं एकाच वेळी धाडकन उतरली तर वाडा हादरेल. एकेक उतरला तर जिना नुसता कुरकुरेल. तुमच्या भिंतीला कळतं ते एका क्षणाला किती किलो उडालं आणि किती लांब. देशात खाणींच्या सुरक्षेसाठी ज्या मर्यादा 1997 पासून आहेत त्याच बहुतेक ठिकाणी वापरतात: साध्या घरांसाठी जमिनीचा हादरा सेकंदाला 5 ते 15 मिलीमीटर, हादऱ्याच्या वारंवारतेप्रमाणे, जुन्या नाजूक वास्तूंसाठी 2 ते 10. माणसाला 1 च्या आतलाही जाणवतो, त्यामुळे पलंगात दचकायला होणं आणि भिंत तडकणं यांत बरंच अंतर आहे. टेकडीच्या पोटात, तुमच्यापासून दीडशे मीटरवर, ही मर्यादा पाळणं कठीण नाही. तोंड तुमच्यापासून तीस मीटरवर असेल तर मात्र भोकं लहान, फेऱ्या आखूड, आणि कधीकधी दारूच बंद करून ब्रेकरने फोडावं लागतं. म्हणून नकाशात तोंड नेमकं कुठे आहे ते बघा. मधली रेघ कुठून जाते यावर भांडण्यात लोक फार वेळ घालवतात.

आणि काम सुरू व्हायच्या आधी, नंतर नाही, इमारतीची पाहणी करून घ्या. प्रत्येक खोलीतल्या जुन्या तड्यांचे फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. मोठ्या तड्यावर काचेची पातळ पट्टी प्लॅस्टरच्या दोन ठिपक्यांनी आडवी चिकटवायची आणि त्यावर तारीख घालायची. तडा वाढला तर काच तुटते, वाद उरत नाही. मी दोन्ही बाजूंनी असले वाद पाहिलेत: 1985 चा गळका सज्जा बोगद्याच्या नावावर खपवणारेही, आणि खरोखर आमच्यामुळे गेलेला तडा "जुनाच होता" म्हणून झटकणारेही.

मशीनचं आता. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यावर प्रियदर्शिनी पार्क ते गिरगाव चौपाटी असे सुमारे 2 किलोमीटरचे जोडबोगदे काढले, मलबार हिलच्या खालून. त्यासाठी आणलेल्या यंत्राचं नाव ‘मावळा’, व्यास 12.19 मीटर, चार मजली इमारतीएवढा. जानेवारी 2021 ला निघालेला मावळा पहिल्या बोगद्यातून 10 जानेवारी 2022 ला पार झाला. शेजारी समुद्र आणि डोक्यावर दाट वस्ती, तिथे दारू परवडणारीच नव्हती. यंत्र खोदतं आणि मागोमाग काँक्रीटच्या तयार तुकड्यांचं कडं बसवतं, त्यामुळे हादरे कमी आणि पाणी बऱ्यापैकी बाहेर. बऱ्यापैकीच. मार्च 2024 ला रस्ता उघडला आणि मे महिन्यात सांध्यांतून पाणी झिरपल्याच्या बातम्या आल्या. पाण्याला सांधा सापडतोच.

पुण्यातही यंत्रं आली होती, मेट्रोसाठी, साडेसहा मीटरच्या आसपास व्यासाची. कृषी महाविद्यालयाच्या आवारातून आणि स्वारगेटहून ती खाली उतरली, मुठा नदी, कसबा आणि मंडईखालून गेली, खोदकाम 2022 मध्ये संपलं. वरच्या वाड्यांत लोक झोपलेले असताना ती खालून गेली. पण मेट्रोच्या एका बोगद्यातून एक गाडी जाते. रस्त्याला जवळजवळ दुप्पट व्यास लागतो, आणि व्यास दुप्पट म्हणजे उकरायचं चौपट. एवढं यंत्र मागवायचं, तुकड्यातुकड्यांनी आणून जोडायचं, त्याला उतरायला फुटबॉलच्या मैदानाएवढी मोकळी जागा द्यायची, आणि ते किलोमीटरभरात पार होणार. लग्नाच्या वरातीसाठी ट्रेन भाड्याने घेण्यासारखं आहे ते. आखूड टेकडी आणि घट्ट बेसाल्ट असेल तर दारूच सोयीची पडते. कात्रजचा नवा जोडबोगदा, द्रुतगती मार्गावरचे बोगदे, खोपोली–कुसगाव जोडरस्त्याचा जवळपास 9 किलोमीटरचा बोगदा, ही सगळी ड्रिल-अँड-ब्लास्टचीच, म्हणजे भोकं पाडून सुरुंग लावायचीच कामं. तुमच्या मनात मशीन म्हणजे सुरक्षित असं असेल तर एक लक्षात घ्या: यंत्रालाही उतरायला आणि निघायला जागा तोंडाशीच लागते.

तोंडाशी आणखी एक गोष्ट बाहेर येते, तिचा हिशेब मी मुद्दाम करून दाखवतो. दोन-तीन लेनच्या एका नळीचा, म्हणजे जोडबोगद्यातल्या एका बोगद्याचा, छेद साधारण 100 चौरस मीटर धरा. एक किलोमीटरला 1 लाख घनमीटर दगड. फोडल्यावर तो फुगून दीड लाख होतो. एका हायवात, म्हणजे मोठ्या डंपरमध्ये, 15 घनमीटर मावतात. म्हणजे एका नळीमागे 10,000 फेऱ्या, दोन नळ्यांच्या 20,000, तेवढ्याच रिकाम्या परतीच्या, सगळ्या तुमच्या गल्लीच्या टोकावरून. बोगद्याच्या सभेत मला तड्यांवर पन्नास प्रश्न विचारले गेलेत, हायवा कुठल्या रस्त्याने आणि किती वाजता जाणार हे कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

बोगदा झाल्यावर बाहेर येते ती हवा. 1920 च्या दशकापर्यंत मोटारींसाठी लांब बोगदा काढायला लोक घाबरत, कारण आतल्या धुराने माणूस मरेल. न्यूयॉर्कच्या हॉलंड टनेलचे मुख्य इंजिनिअर क्लिफर्ड हॉलंड 1924 ला काम चालू असतानाच वारले. हवेचं कोडं ओले सिंगस्टाड यांनी सोडवलं. रस्त्याखालून ताजी हवा सोडायची, छतातून खराब ओढायची. 84 पंखे, दीड मिनिटात आतली सगळी हवा बदलते. 1927 पासून तो चालू आहे. आपल्याकडच्या एकेरी, मध्यम लांबीच्या बोगद्यांत एवढा खटाटोप लागत नाही. गाड्याच पिचकारीच्या दट्ट्यासारखी हवा पुढे रेटतात, छताचे जेट फॅन हातभार लावतात. पण रेटलेली हवा जाते कुठे? जिकडे गाड्या बाहेर पडतात त्या तोंडाशी. तिथे शाळा किंवा बाल्कन्या असतील तर आतापासूनच विचारा. आगीच्या वेळीही हेच तत्त्व. आल्प्स पर्वतातल्या माँ ब्लाँ बोगद्यात 1999 साली एक ट्रक पेटून 39 माणसं गेली, बहुतेक धुराने. तेव्हापासून दोन नळ्यांना ठराविक अंतरावर जोडणारी दारं हवीतच, यावर कुणी वाद घालत नाही. किलोमीटरभराचा एकच नळी-दोन्ही-दिशा असा आराखडा कुणी स्वस्त म्हणून दाखवला तर मान हलवू नका.

आणि रहदारी. कात्रजचा नवा बोगदा स्वतः फारसा त्रास देत नाही, पण त्यातून पुण्याकडे बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत उतारच उतार, डिझेल वाचवायला न्यूट्रलवर टाकलेले ट्रक, तापलेले ब्रेक. तिथले अपघात तुम्ही पेपरात वाचताच. खंबाटकीला साताऱ्याहून येताना बोगदा संपताच वळणावर वळण, तिथेही तेच. म्हणून आता नवे बोगदे काढताना ते वळणच सरळ करायला घेतलंय. टेकडीच्या पोटातून दोन मिनिटांत आलेल्या गाड्या पौड रस्त्याच्या सिग्नलला पंधरा मिनिटं उभ्या राहणार असतील, तर ती रांग बोगद्यात मागे सरकते आणि वर सांगितलेली हवेची सगळी गणितं, जी पळत्या गाड्यांवर बेतलेली असतात, तिथेच बिघडतात.

राहिली विहीर. आपल्या दगडात पाणी तळ्यासारखं साठत नाही; मांजऱ्याच्या पोकळ्यांतून आणि तांबड्या पट्ट्याच्या वरून आडवं वाहतं. तुमच्या विहिरीचा झरा ज्या थरातून येतो तोच थर बोगद्याने वरच्या बाजूला कापला तर पाणी उतरेल, कापला नाही तर कदाचित काहीच होणार नाही. विहिरीत उतरून बघितलं तर झरा कुठल्या दगडातून येतो ते डोळ्यांना दिसतं. तो पट्टा समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे ते मोजा आणि बोगद्याच्या आराखड्यातल्या पातळीशी ताडून पाहा. भूजल सर्वेक्षण खात्यात किंवा एखाद्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागात हे समजावून सांगणारं माणूस भेटेल. बोगदेवाला सिमेंटचं ग्राउट दाबून आणि प्लॅस्टिकचा पडदा लावून झिरप बरीच कमी करू शकतो, पण विहीर आधी किती भरायची हे सिद्ध करायला तुमच्याकडे काहीतरी हवं. तेव्हा या महिन्यापासून दर पहिल्या रविवारी काठावरून दोरी सोडून पाण्यापर्यंतची खोली मोजा आणि वहीत लिहा. दोरीला दगड बांधा, प्लॅस्टिकची बाटली नको, ती तरंगते आणि आकडा चुकतो.